एका परिचिताची मांजर

बोनकोडे, कोपरखैरणे
९ जानेवारी २०२५

प्रति,
कु. उन्नती धर्मराज भोईर,
जनावरांचा सरकारी दवाखाना, उदगीर.

विषय : मांजरीचे ऑपरेशन कधी करावे याबाबत माहिती मिळणेबाबत.

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, माझ्या एका परिचिताकडे एक मांजर आहे. मादी आहे. अंगावर तीन रंग आहेत, पांढरा, काळा आणि हळदीसारखा पिवळा. वय अंदाजे साडेचार महिने. ही मांजर परिचिताने हौसेने पाळलेली नाही. ती बिल्डिंगच्या पंपाच्या खोलीत सापडली आणि मग गेलीच नाही. परिचिताला मांजरांची बिलकुल आवड नाही, हे नीट लक्षात घ्यावे.

परिचिताच्या बायकोचं म्हणणं असं की आधी एक वेत होऊ द्यावं, मग काय ते कापाकापी करावी. मासळीवाली गोजरा तर म्हणते की पहिल्या वेताआधी ऑपरेशन केलं तर मांजर खुळी होते. परिचिताला हे पटत नाही. पण न पटायला त्याच्याकडे काही आधारही नाही. तो आयुष्यभर पाणीपुरवठ्यात होता. व्हॉल्व्ह कधी बंद करायचा ते त्याला झोपेतही सांगता येईल, मांजरीचं कळत नाही. फार लवकर केलं तर एवढासा जीव, भुलीतून उठेल का? उशीर केला तर पोटात पिल्लं.

पत्राने कळवतो आहे, कारण तू माझा फोन उचलत नाहीस. चार वर्षं झाली. माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस असं तुझा चुलतभाऊ तेजस म्हणाला. ठीक आहे. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही.

तरी उत्तर लवकर मिळावे ही विनंती.

आपला,
ध. ह. भोईर
निवृत्त सुपरवायझर, पाणीपुरवठा विभाग

ता. क. : काल आमची बाय (मांजरीचे नाव) कपाटावर चढून बसली आणि उतरता येईना म्हणून रडायला लागली. आमची म्हणजे परिचिताची. खोडत नाही, शाईचा पेन आहे, घाण दिसेल.

*

बोनकोडे
२७ जानेवारी २०२५

कु. उन्नती,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, औषधाच्या चिठ्ठीवर तीन प्रश्न. 'नक्की वय? वजन? अजून लंगडते का?' आणि खाली सही, डॉ. उ. ध. भोईर. बापाला नमस्कार नाही, तब्येत कशी आहे नाही. मी चिठ्ठी उलटून पाहिली, मागे काही लिहिलं असेल म्हणून. मागे कोरी होती.

आणि लंगडते हे तुला कुणी सांगितलं? मी तर लिहिलं नव्हतं!

हा प्रश्न मी घरात मोठ्याने विचारला तेव्हा तुझी आई बोंबील साफ करत बसली होती. ती एकदम गप्प झाली. तुझी आई गप्प झाली की समजायचं, कुठंतरी पाणी मुरतंय. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाली, "मी रोज बोलतंय तिच्याशी. आईनं पोरीशी बोलाचं नाय का?"

रोज! चार वर्षं! आणि मी इथं टेबलाशी बसून परिचित, परिचित लिहितोय. मांजर डोळे मिटून दूध पिते आणि तिला वाटतं कुणी बघत नाही, तशी माझी गत. तुम्ही मायलेकी किती हसला असाल.

बरं. मांजर माझी आहे. झालं समाधान?

आता माहिती घे. पाच महिने पुरे झाले. दुधाचे दात पडले, एक मला माझ्या चपलेत सापडला. वजनासाठी गोजराला थांबवलं. ती आधी तयारच होईना. "मावरं तोलाच्या काट्यावर मांजर बसवू? गिऱ्हाईक काय बोलंल?" शेवटी तिच्याकडून एक किलो कोळंबी घेतली तेव्हा काटा खाली ठेवला. बाय पाटीत शिरली आणि कुणाला कळायच्या आत एक मांदेली गिळून बसली. त्या मांदेलीसकट एक किलो नऊशे भरली.

लंगडण्याचं असं. नोव्हेंबरात ती तिसऱ्या मजल्यावरून पाइपांच्या डक्टमध्ये पडली. मी उतरून तिला वर काढलं. सहासष्टाव्या वर्षी डक्टमध्ये उतरू नये हे मला माहीत आहे, ते लिहून पाठवू नकोस. तीन टाकी भागात डॉ. कुलदीप म्हणून तरुण मुलगा दवाखाना चालवतो, त्याने एक्स-रे काढला. कमरेचं हाड मोडलं होतं. दीड महिन्याने पुन्हा काढला तर हाड जुळलंय, पण वाकडं. तो म्हणाला, "काका, चालेल, पळेल, सगळं करेल. पण आतला रस्ता अरुंद झालाय. ही गाभण राहिली तर पिल्लू अडकणार. मग मांजर वाचेल याची खात्री मी देत नाही."

हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण लिहिताना हात थांबला. तुझ्या आईला सांगितलं तर ती म्हणते, "देवाच्या मनात असंल तर व्हतील सुखरूप. एक वेत होव दे. बाईच्या जातीला आई होव दिली नाय तर पाप लागतंय." मी महिनाभर तिच्याशी भांडतोय. भिंतीशी भांडलो असतो तर एव्हाना भिंत पडली असती.

तर एवढंच सांग. कधी करायचं?

ध. ह. भोईर

*

बोनकोडे
११ फेब्रुवारी २०२५

उन्नती,

तुझी दुसरी चिठ्ठी मी तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवली. 'पहिला माज येण्याआधीच करा. दोन किलो झाली की पुरे. एक वेत व्हावं लागतं हे खोटं आहे. तोवर घराबाहेर सोडू नका. ऑपरेशनआधी उपाशी ठेवा.' मी म्हणालो, बघ! तर ती म्हणते, "मना ठाव हाय. पोर कालच बोलली फोनवर. करून टाका." मी महिनाभर घसा कोरडा केला आणि तू एका फोनवर काम केलंस. मला राग आला. मग बरंही वाटलं, आणि त्याचा पुन्हा राग आला.

काल सोमवारी सकाळी अकराची वेळ घेतली होती. वजन दोन किलो शंभर. मी तुझी चिठ्ठी फ्रीजवर चिकटवली होती, पहाटेपासून पाण्याची वाटीसुद्धा उचलून ठेवली होती. बाय माझ्या पायात घोटाळत होती, मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. साडेदहाला तिला पिशवीत घातलं, रिक्षा केली, दवाखान्यात टेबलावर ठेवलं, आणि तिने भडाभडा दूध ओकलं.

कुलदीपने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "काका, भूल दिल्यावर हे झालं असतं तर छातीत गेलं असतं. आज नाही होणार." आणि आम्ही परत.

घरी येऊन मी काय तमाशा केला असेल तो तुला माहीतच आहे. सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेलं. तुझी आई कोपऱ्यात उभी होती. तिचा सोमवारचा उपास होता, सकाळी तिने कपभर दूध घेतलं. आणि मग त्या मांजरीकडे बघून तिला राहवलं नाही. रडत म्हणाली, "माजा बी उपास, तिचा बी उपास. उपासाला दूध चालतंय ना. मी घोट घेतला, तिला कसं नाय देव?"

मी ती पिशवी धुवायला घेतली. तिने वाटीभर माया घातली होती, विष थोडंच घातलं होतं. चूक माझीच, मी तिला फक्त उपाशी ठेव एवढंच सांगितलं, का ते सांगितलं नाही. मी घरात कधी का ते सांगतच नाही.

आता पुढची वेळ सतरा तारखेची. त्याच्यापुढे शनिवारी, बावीसला, तेजसची हळद आहे. त्याच्या बापाने, देवजीदादाने, मांडव आपल्या इमारतीच्या दारातच घातला आहे. तोवर झालं म्हणजे सुटलो.

धर्मराज

*

बोनकोडे
१६ फेब्रुवारी २०२५

उन्नती,

आज विषय वगैरे काही नाही. हे उद्या पोस्ट उघडताक्षणी स्पीड पोस्टाने पाठवतोय आणि तुझ्या आईलाही फोनवर वाचून दाखवायला सांगितलं आहे. आधी वाटलं फोनवरच सांगावं. पण हे मी माझ्या हाताने लिहायला हवं.

परवापासून बाय माजावर आली आहे. जमिनीवर लोळते, मागचं अंग वर करते, आणि असा टाहो फोडते की खालच्या मजल्यावरची माणसं विचारायला आली, कुणी गेलं का. खिडकीच्या ग्रिलवर तो बोका येऊन बसतो, बोनकोड्यातला सगळ्यात जुना, फाटक्या कानाचा. तो हलत नाही. मी पाणी मारलं, चप्पल मारली. चप्पल रस्त्यावर गेली, बोका तिथंच.

कुलदीपला फोन केला. तो म्हणाला, "काका, माजावर असताना रक्त जास्त जातं. त्यात हिचं हाड वाकडं, आत सगळं सरकलेलं असणार. माझा हात अजून तेवढा तयार नाही. दहा दिवस थांबा, मांजर घरात कोंडून ठेवा." मुलगा प्रामाणिक आहे, येत नाही म्हणायला छाती लागते. पण कोंडू कुठं? गुरुवारपासून घरात साठ माणसं. पनवेलची, उरणची, तुझ्या आत्याचं सगळं घरदार. दारं सताड उघडी, बाथरूमलासुद्धा रांग. माणसांच्या पायांतून दोन किलोची मांजर सटकायला किती वेळ लागतो? एकदा बाहेर गेली की तो बोका बसलेलाच आहे. आणि मग दोन महिन्यांनी ती माझ्यासमोर तडफडून मरेल, कारण मला ठरवायला उशीर झाला.

मी कुलदीपला विचारलं, आज, आत्ता, हे करणारं कुणी आहे का? तो म्हणाला, "आहे की. उदगीरला आहेत एक मॅडम, आठवड्याला पन्नास-साठ करतात. कॉलेजात आम्हाला दोन वर्षं सीनिअर होत्या. तुमचंच आडनाव आहे, काका."

मी फोन ठेवला आणि हा कागद घेतला.

आता ऐक. चार वर्षांपूर्वी तेजसच्या बहिणीची हळद होती. तू पदवी घेऊन आली होतीस आणि मला म्हणालीस, बाबा, खालचा गाळा द्या, मी दवाखाना टाकते. मी बाजूला घेऊन नाही म्हणू शकलो असतो. पण मी बँजोवाल्याच्या हातातून माइक घेतला आणि सगळ्या भावकीसमोर म्हणालो, "ऐकलाव का, माजी पोर मांजरांची नसबंदी करनार, आनि त्यासाठी मी गाला देऊ!" पाचशे माणसं हसली. तू नाही हसलीस. सकाळी तू उठून गेलीस आणि तो गाळा मी इस्टेट एजंटला दिला.

ही गंमत नव्हती. मला लाज वाटत होती. डॉक्टर झाली तर माणसांची व्हावी, असं माझ्या डोक्यात होतं. आता रोज सकाळी एक मांजर माझ्या पोटावर बसून मला उठवते आणि तिला जगवायचं शिक्षण या घरात फक्त तुझ्याकडे आहे.

तुझा माझ्यावरचा राग राहू दे. मी तो काढ म्हणत नाही. पण बायसाठी ये.

बाबा

*

बोनकोडे
२४ फेब्रुवारी २०२५

प्रति,
डॉ. उन्नती धर्मराज भोईर,
उदगीर.

विषय : ऑपरेशननंतरचा अहवाल.

पेशंट ठणठणीत आहे. सकाळी सुरमईचा तुकडा खाल्ला, दुपारी गळ्यातली ती प्लास्टिकची कॉलर घालून दारावर आपटली आणि माझ्याकडे बघून मलाच शिव्या दिल्या. जखम कोरडी आहे. बोका काल दिवसभर ग्रिलवर बसला, आज आलाच नाही. मी खिडकीत उभा राहून त्याची वाट बघितली, म्हटलं ये की, आता ये!

गुरुवारपासून बायला मी पिशवीत घालून मांडीवरच ठेवली होती. शनिवारी सकाळी तू कुलदीपच्या दवाखान्यासमोर रिक्षातून उतरलीस तेव्हा हातात तुझी अवजारांची स्टीलची पेटी होती. केस कापलेस, छान दिसतात. तू माझ्याकडे बघितलंस आणि पिशवीत वाकून बायला विचारलंस, "आज दूध प्यायलीस का गं?" तुझ्या आईने तिथेच कानाला हात लावले आणि मी हसू लपवायला बाहेर गेलो.

आत तुम्ही किती वेळ होता माहीत आहे? पन्नास मिनिटं. मी बाहेर बाकावर होतो. देवजीदादाचे सात फोन आले, काका म्हणून हळदीच्या घरात मी हवा होतो. आठव्या फोनला सांगितलं, "दादा, माझी मांजर टेबलावर आहे आणि माझी पोर आत आहे, मी हलत नाही." आणि फोन खिशात टाकला. मग तू दार उघडलंस, टोपी काढलीस आणि म्हणालीस, "झालं. वाचली." चार वर्षांत तू माझ्याशी बोललेला पहिला शब्द. कुलदीप तुझ्या मागे उभा होता. मला म्हणाला, "काका, आतलं सगळं एका बाजूला चिकटलं होतं. मॅडमनी एवढ्याशा छेदातून काढलं. मी नुसता बघत होतो." मला त्याचा एकही शब्द नीट समजला नाही. पण त्याने ते तीनदा सांगावं असं वाटत होतं.

हळदीला थांब असं मी म्हणालो नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार? तू दुपारच्या गाडीने गेलीस. म्हणून संध्याकाळी काय झालं ते लिहितो. तुझ्या आईने सांगितलं असेलच, पण ती निम्मं रडण्यात घालवते.

साडेआठला मांडव भरला होता. तेजस पाटावर पिवळाधमक होऊन बसला होता, बँजो जोरात होता. मी स्टेजवर चढलो आणि माइक मागितला. बँजोवाला तोच, चार वर्षांपूर्वीचा. त्याने माझ्याकडे घाबरून बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "धर्मादादांनी घेतली वाटतं." मी थेंबही घेतला नव्हता, याची नोंद घ्यावी.

मी म्हणालो, "गप रव्हा आनि ऐका. चार वरसामागं मी याच दारात, याच माइकवर माज्या पोरीची मस्करी केली. तुमी हसलाव. मी चुकलू. आज सकाली माज्या पोरीनं, डाक्टर उन्नतीनं, माज्या मांजरीचा जीव वाचवला. जे काम दुसऱ्याला जमत नव्हतं ते पन्नास मिनटात केलं. व्हय, नसबंदीच केली! आनि मना तिचा गर्व हाय. आता कोनाला हसाचं हाय त्यानं समोर येवन हसावं."

पोरी, मी पाणी तोडल्यावर आख्खं सेक्टर माझ्या अंगावर आलेलं बघितलं आहे, पण पळायला वाट कधी शोधली नव्हती, ती तेव्हा शोधली. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून गोजरा उठली, हातभर बांगड्यांसकट हात वर केला आणि ओरडली, "माज्या दोन हायत! कवा आनू?" आणि मग हसले सगळे. पण ते हसणं वेगळं होतं. तुझी आई टाळ्या वाजवत होती. देवजीदादा स्टेजवर आला, मला वाटलं आता थोबाडीत देतो. त्याने मूठभर हळद घेऊन माझ्या दोन्ही गालांना फासली आणि बँजोवाल्याला म्हणाला, "वाजव रं!" मी नाचलो. एवढा नाचलो की काल उठताना तुझ्या आईने हात दिला. तेजसकडे व्हिडिओ आहे. तो तुला पाठवेल, माझा नंबर ब्लॉक आहे.

लग्न काल पार पडलं. मी तिथं वही घेऊन बसलो होतो. अकरा मांजरी आणि चार कुत्रे. तुझ्या आत्याच्या उरणच्या जावेचा बोकासुद्धा आहे. प्रत्येकाला विचारतो, वय किती, वजन किती, दुधाचे दात पडले का. "आधी एक वेत होऊ दे" असं जो म्हणेल त्याला तुझी आई धरते आणि मी फक्त बघतो.

आता मुख्य मुद्दा. तू लिहून दिलंस की टाके दहाव्या दिवशी काढावेत. म्हणजे चार मार्च, मंगळवार. कुलदीप म्हणाला, "काका, दोन मिनिटांचं काम, मी काढतो." मी त्याला नको म्हणालो. ज्या हाताने घातले त्याच हाताने निघतील.

टाके काढायला जागा लागेल. इस्टेट एजंट गेल्या महिन्यात कामोठ्याला गेला, खालचा गाळा मोकळाच होता. आज मी तो स्वतः धुऊन काढला. उजेड चांगला येतो. टेबल आणलं आहे, उंची तुझ्या कमरेच्या हिशेबाने धरली आहे. पाण्याची लाइन आत घेतली, बेसिन बसवलं, प्रेशर उत्तम आहे. बोर्ड लिहून घेतलेला नाही. त्यावर काय लिहायचं आणि लिहायचं की नाही, ते तू ठरव. तुझी नोकरी आहे, तुझं उदगीर आहे, मला कळतं. मंगळवारी टाके काढून तू परत गेलीस तरी गाळा दुसऱ्या कुणाला देणार नाही.

आणखी एक तक्रार आहे. दवाखान्यातून मिळालेली चिठ्ठी मी घरी येऊन चष्मा लावून वाचली. पेशंटचे नाव, बाय. वय, सहा महिने. आणि मालकाचे नाव या रकान्यात तू तुझ्या अक्षरात लिहिलं आहेस, 'एक परिचित'.

चिठ्ठी फ्रीजवर लावली आहे. मंगळवारी येशील तेव्हा ते खोड आणि तिथं बाबा लिही. शाईच्या पेनाने खोडलंस तरी चालेल. घाण दिसू दे.

तुझा,
बाबा